ताकद कशासाठी? चढायला की पळायला?

मराठी मुलखात जीप हे केवळ एका गाडीचे नाव राहिले नाही. तहसीलदारांची जीप, वनखात्याची जीप, निवडणुकीत कर्णा लावून फिरणारी जीप आणि वडापाला लागलेली, माणसांनी खच्चून भरलेली जीप. जिथे एसटी पोचत नव्हती, तिथेही ती पोचली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकी लष्करासाठी विलीज कंपनीने बनवलेली ही गाडी. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या महिंद्र कंपनीने तिची जुळणी आपल्याकडे सुरू केली. तीच कंपनी आज पुण्याजवळ चाकणला विजेवर धावणारी ‘बीई ६’ बनवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही एसयूव्ही सादर झाली. एकाच घराण्यातल्या या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या, की काळ किती बदलला ते कळते.

युद्धकाळातल्या जीपचे इंजिन ६० अश्वशक्तीचे. कमाल वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. तोच शंभरचा वेग २८६ अश्वशक्तीची ‘बीई ६’ ६.७ सेकंदांत गाठते. पण जीपची ताकद चारही चाकांना मिळे आणि जादा गिअरच्या दांड्याने तिची ओढ वाढे. माणसाच्या चालीने ती दगडधोंड्यांतून वर चढे. ‘बीई ६’ची मोटर फक्त मागची दोन चाके फिरवते. तो दोष नव्हे. ती डांबरी रस्त्यासाठीच आहे. जीपचा वारसा सांगणारी ‘थार’सुद्धा २०२३ पासून दोनचाकी ओढीच्या स्वरूपातही मिळते. रूप रानातले, वावर शहरातला!

या रूपाची मोहिनी मोठी आहे. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या दर शंभर प्रवासी मोटारींपैकी सुमारे ६५ ‘युटिलिटी’ वर्गातल्या, म्हणजे एसयूव्ही आणि तत्सम गाड्या होत्या. खड्डे, पावसाचे तुंबलेले पाणी, उंच आसन, घरच्यांचे सामान ही कारणे खरीच आहेत. मात्र यांपैकी एकालाही २८६ अश्वशक्ती लागत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीवरची मर्यादाच ताशी शंभरची. सात सेकंदांत ती गाठल्यावर उरलेल्या ताकदीचे करायचे काय?

प्रश्न हौसेचा असता तर सोडून देता आला असता. पण वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. जुनी जीपही काही सुरक्षित नव्हती. ना पट्टे, ना एअरबॅग आणि वळणावर कलंडण्याचे भय. ‘बीई ६’ला अपघात चाचणीत पाच तारे मिळाले आहेत. मात्र हे तारे मुख्यतः आत बसलेल्यांसाठी असतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर सुमारे १ लाख ६८ हजार माणसे दगावली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती.

म्हणून गाडी घेताना घरातल्या सर्वांनी एकत्र बसून विचार करावा. ती चालवायची कुठे? चालवणार कोण? नाकासमोर उभे राहिलेले लहान मूल चालकाच्या आसनावरून दिसते का? विक्रेता सेकंद सांगेल. थांबायला किती अंतर लागते, हे आपण विचारावे. दारापुढच्या त्याच रस्त्याने आपलीही मुले शाळेत जातात.