पुष्पक की विमान?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की लखनौतल्या मराठी घरांत एक चर्चा ठरलेली असते. मुंबईला पुष्पकनं जायचं की विमानानं? पुष्पक एक्सप्रेसला जवळपास एक दिवस लागतो, विमान दोन-अडीच तासांत पोचवतं. आजी-आजोबा सोबत असले की निर्णय लगेच होतो.

पैसे आणि वेळ आपण मोजतो, धूर मोजत नाही. विमानाचं एक किलो इंधन जळलं की तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (एका किलोचे तीन कसे, असं मुलं विचारतील. इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो, म्हणून वजन वाढतं.) पुष्पक विजेवर धावते. आपली बरीच वीज कोळशावरच बनते, त्यामुळे रेल्वेही अगदी स्वच्छ नाही. तरी माणशी हिशेब केला तर तिचं प्रदूषण विमानापेक्षा कितीतरी कमी.

मग लोक विमानच का निवडतात? मला यात प्रवाशांचा फारसा दोष दिसत नाही. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या तारखांना बघता बघता वेटिंग लागतं. त्यात एसी डब्याच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी आणि विमानाच्या इकॉनॉमी तिकिटावरही 5 टक्केच! कमी प्रदूषण करणाऱ्याला करात सवलत नको?

10 मार्च 2024 रोजी लखनौ, पुणे आणि कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं एकाच कार्यक्रमात उद्घाटन झालं. विमानं वाढणार, हे उघड आहे. विमानाच्या इंधनात हरित इंधन मिसळायचं सरकारचं उद्दिष्ट 2027 मध्ये 1 टक्का आणि 2030 मध्ये 5 टक्के आहे, पण ते फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी. लखनौ-मुंबई त्यात येतच नाही.

फ्रान्सनं 2023 मध्ये, जिथे रेल्वेनं अडीच तासांत पोचता येतं अशा काही मार्गांवरची विमानं बंद केली. आपल्याकडे तो नियम लावायचा कुठे? लखनौ-दिल्लीला तेजस एक्सप्रेससुद्धा सहा तासांहून जास्त घेते. आधी गाड्या हव्यात. सुट्टीत पुष्पकच्या जोडीला एक जादा गाडी, तीही दोन महिने आधी जाहीर केलेली, मिळाली तरी कितीतरी कुटुंबं विमानाचं तिकीट काढणार नाहीत.

आणि विमानानंच निघालात, तर चारबागहून अमौसी विमानतळापर्यंत थेट मेट्रो आहे. बॅगा फार नसतील तर टॅक्सी कशाला?