ढगांखालचा समुद्रही मोजा

मी मालवणच्या मच्छीमार घरातली, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या संस्थेकडून मासळीच्या संभाव्य जागांची सूचना आली की धाकटा भाऊ विचारतो, “ताई, उपग्रहाक वरसून बांगडो दिसता काय?”

मासा दिसत नाही, दिसतो पाण्याचा रंग. वनस्पतीप्लवकांतलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं, म्हणून प्लवक दाट असतील तिथे पाणी हिरवट दिसतं. त्याला पृष्ठभागाच्या तापमानाची जोड दिली की उबदार आणि गार पाणी भिडतं त्या रेषा सापडतात. प्लवकांमागे मासळी येते. 1999चा ओशनसॅट-1, 2009चा ओशनसॅट-2, 2022चा ओशनसॅट-3: समुद्राचा रंग टिपणाऱ्या भारतीय उपग्रहांची ही साखळी मला अनमोल वाटते. तापत चाललेल्या अरबी समुद्रात माशांचं अन्न घटतंय की जागा बदलतंय, हे अशा दशकांच्या नोंदींतूनच कळेल.

पण पावसाळ्यात आभाळ झाकलेलं. नेमकं तेव्हाच केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खालचं गार, पोषक पाणी वर येतं आणि प्लवक बहरतात. रंग टिपणाऱ्या उपकरणाला ढगांपलीकडचं दिसत नाही. सूक्ष्मलहरी उपकरणं ढगांतूनही तापमान सांगतात, पण ढोबळ. किनाऱ्याजवळ तर त्यांचा उपयोग फारच थोडा. वर्षातला सर्वांत महत्त्वाचा काळच असा अर्धवट नोंदला जातो, हे मला मान्य नाही.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आमच्या होड्या किनाऱ्यावर असतात, माणसं रिकामी. ही उणीव भरायला मत्स्यव्यवसाय खात्याने रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, मानधन देऊन जेटीवरून रोज पाण्याचं तापमान मोजावं आणि नमुने घ्यावेत. येत्या जूनपासूनच सुरुवात करा.