पोराची सायकल मापाची घ्या

शेतकरी बंधूंनो, 'पोर वाढेल' म्हणून २४ इंची फ्रेमची सायकल घ्यायची खोड आता सोडा. ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, ते पोर उसाच्या ट्रॅक्टरसमोर उतरणार कसं? दुकानातच त्याला दांडी मधे घेऊन उभं करा. दांडीच्या वर इंच-दोन इंच मोकळं राहिलंच पाहिजे. सीट वर-खाली होते, फ्रेम नाही.

मोठं चाक खड्ड्यातून बरं जातं, म्हणून उंच माणसाला २८ ठीक. ठेंगण्याला २६च बरं. मात्र २६ × १ ३/८ चा टायर २६ × १.७५ च्या रिमवर बसत नाही, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. तेव्हा टायरवरचं माप लिहून घ्या, गावच्या सायकलवाल्याला दाखवा. त्याच्याकडे तो टायर मिळत नसेल, तर दुसरी सायकल बघा.