बापूंची वही आणि आपला सर्व्हर

गेले काही दिवस घरात एकच वाद चाललाय. जीमेल, गुगल कॅलेंडर फुकट असताना आपण कुटुंबासाठी वेगळा सर्व्हर कशाला चालवायचा? भाडं भरा, अपडेट टाका, बॅकअप बघा... हा उपद्व्याप सांगितलाय कोणी? दादाचा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक कबूल करू. मुक्त स्रोत म्हणजे कायमची सोय नव्हे. झिंब्राचंच बघा ना. मेल, कॅलेंडर आणि पत्ते एकत्र सांभाळणारा हा सर्व्हर २००५ साली आला. २००७ मध्ये तो याहूने घेतला, २०१० मध्ये व्हीएमवेअरने, २०१३ मध्ये टेलिजंटने आणि २०१५ मध्ये सिनॅकॉरने. पुढे २०२० मध्ये नववी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने मुक्त आवृत्तीची तयार पॅकेजेस देणं थांबवलं. कोड खुला, बांधणी तुमची तुम्ही करा. थोडक्यात, धान्य दिलं, दळण तुमचं!

तरीही मी मुक्त स्रोताच्याच बाजूने. कारण अशा सर्व्हरमध्ये माहिती सगळ्यांना ठाऊक असलेल्या पद्धतीने ठेवलेली असते. मेलसाठी आयमॅप, कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह (२००७), पत्त्यांसाठी कार्डडॅव्ह (२०११). झिंब्रा नको झालं तर सोगो आहे, ईग्रुपवेअर आहे. बिऱ्हाड उचलायचं आणि निघायचं. गुगलसुद्धा ही दारं उघडी ठेवतं, खरंय. पण २०१३ च्या मार्चमध्ये त्यांनी कॅलडॅव्ह फक्त निवडक भागीदारांना देणार असं जाहीर केलं होतं, आणि जूनमध्ये माघार घेतली. दार उघडं ठेवायचं की नाही, हे तिथे घरमालक ठरवतो.

आणि आपलं बिऱ्हाड साधं नाही. बापूंच्या वहीत तारखा नव्हत्याच, तिथ्या होत्या. कोणाचं श्राद्ध कधी, प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर कोणत्या दिवशी कोण येणार, कोणाचा पत्ता काय... फोनचं कॅलेंडर दरवर्षी तीच इंग्रजी तारीख दाखवतं. महाशिवरात्र मात्र २०२४ ला ८ मार्चला होती, २०२५ ला २६ फेब्रुवारीला, २०२६ ला १५ फेब्रुवारीला. आयकॅलेंडरला २०१५ मध्ये चिनी, हिब्रू अशा कालगणनांसाठी जोड मिळाली, पण कधी क्षय होणारी, कधी दोन दिवस चालणारी आपली तिथी त्या साच्यात बसत नाही. म्हणून दर पाडव्याला पंचांग पुढ्यात घेऊन मी वर्षाच्या तारखा काढतो आणि एकच फाइल सर्व्हरवर चढवतो. ती आत्याच्या फोनवरही दिसते, सुरतच्या भाच्याच्याही.

आता खरी अडचण. हे सगळं एकट्या माझ्या हातात आहे. उद्या मी नसलो तर पासवर्डसकट वही गेली! एकखांबी तंबू कोडचा असो की कंपनीचा, धोका सारखाच.

तेव्हा माझं म्हणणं असं. तुमच्यापैकी दोघांनी हे काम शिकून घ्यावं. पत्ते आणि तिथ्यांच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक कागदावर, प्रकाशाच्या घरी राहील. पुढच्या पाडव्यापर्यंत कोणीच पुढे आलं नाही तर मी स्वतः सगळं गुगलवर हलवीन, वाईट वाटून न घेता. खुल्या पद्धतीत ठेवल्यामुळे तेही एका दुपारचं काम आहे.

पण आधी दोघं हवेत. फोन करा.