बिल्ला, नाणे आणि रुपया

१८९३ चे शिकागो म्हटले की जैन घरांत वीरचंद राघवजी गांधी यांचे नाव निघते. आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण होते. परंतु साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य, म्हणून हा एकोणतीस वर्षांचा श्रावक त्यांच्या वतीने गेला. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती परिषद भरली, त्या प्रदर्शनाचा व्यवहारही व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्याजोगा आहे.

त्या काळी अमेरिकेतील अनेक उपाहारगृहे धातूचे बिल्ले काढीत. ग्राहकाने गल्ल्यावर पैसे मोजून बिल्ला घ्यावा, तो वाढप्याच्या हाती द्यावा. वाढप्याचा रोकडीशी संबंध येत नसे आणि रात्री बिल्ले मोजले की हिशेब जुळे. तीर्थक्षेत्री भोजनशाळेचा पास घेऊन जेवायला बसणाऱ्यांना ही रीत नवी नाही. मात्र भोजनशाळेचा पास कोणी आठवण म्हणून घरी नेत नाही. प्रदर्शनाच्या गावी घेतलेला नक्षीदार बिल्ला पाहुण्याच्या खिशातच राही. जो बिल्ला परत आला नाही, त्याचे जेवण वाढावे लागले नाही: पैसे जमा झाले आणि त्यापोटीचे देणे मागायला कोणी आले नाही. संग्राहक आज ज्याला मोलाची वस्तू मानतो, ती मुळात कोणाची तरी न फिटलेली बाकी असते. बिल्ला सुबक करण्यात मालकाचा तोटा नव्हता, हे उघड आहे.

हीच युक्ती शिकागोच्या प्रदर्शनाने सरकारी नाण्यावर करून पाहिली. अमेरिकन काँग्रेसने १८९२ मध्ये कोलंबसाची मुद्रा असलेले अर्ध्या डॉलरचे ५० लाखांपर्यंत नाणी पाडण्यास संमती दिली आणि ती प्रदर्शनाच्या मदतीसाठी दिली. प्रदर्शनाने त्याची किंमत ठेवली पूर्ण एक डॉलर. पहिल्या नाण्यासाठी रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कंपनीने १०,००० डॉलर मोजले, तेव्हा हिशेब खरा ठरणार असे वाटले असावे. पुढे मागणी आटली. न खपलेली कित्येक नाणी दर्शनी किमतीला चलनात आली, आणि ज्याने हौसेने एक डॉलर दिला होता त्याला तेच नाणे किराणा दुकानाच्या सुट्या पैशांत अर्ध्या डॉलरला मिळू लागले. गंमत अशी की प्रदर्शनाचे प्रवेशशुल्कही अर्धा डॉलरच होते.

शिकागोत हा बाजार चालू असतानाच, २६ जून १८९३ रोजी, हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर सराफ चांदी घेऊन टांकसाळीत जाई आणि ठरावीक आकार देऊन तिचे रुपये पाडून घेई. रुपयाची किंमत त्यातील चांदीला बांधलेली होती. चांदीचा भाव वर्षानुवर्षे उतरत होता आणि विलायतेचे देणे पौंडांत फेडणाऱ्या सरकारला प्रत्येक वर्षी अधिक रुपये मोजावे लागत होते. टांकसाळ बंद होताच ती गाठ सुटली. नाण्यावर लिहिलेली किंमत आतील धातूहून अधिक झाली, म्हणजे रुपयाही अर्थाने बिल्लाच झाला. फरक एवढाच की तो उपाहारगृहाच्या नव्हे, सरकारच्या शब्दावर चाले. चांदीच्या विटा किंवा दागिने साठवून ठेवणाऱ्या घरांना याची झळ लागली. ज्यांनी रुपये साठवले ते बचावले.

प्रदर्शन ऑक्टोबरअखेर संपले. कोलंबसाच्या नाण्यांपैकी सुमारे २५ लाख नाणी पुढे वितळवण्यात आली. उरलेली इतकी आहेत की झिजलेल्या नाण्याला आजही आतील सव्वाअकरा ग्रॅम चांदीच्या भावाहून फारसे अधिक मिळत नाही. त्याच प्रदर्शनासाठी काढलेले राणी इसाबेलाचे पाव डॉलरचे नाणे मात्र जेमतेम ४०,००० पडले होते. तेही तेव्हा एका डॉलरलाच विकले गेले आणि त्याला आज कितीतरी अधिक भाव येतो.

जुन्या पेढीच्या कपाटात असा एखादा बिल्ला किंवा नाणे सापडले, तर ते चिंचेने घासून लखलखीत करू नये. घासलेल्या नाण्याची किंमत जाणकार ताबडतोब उतरवतो. कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे, आणि परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या घरात त्याची नोंद चांदीच्या खात्यात करावी.