हररी दाण्याचा दाम

घरातले कोणी सौदीत नोकरीला असेल, तर ‘हररी’ हे नाव तुमच्या कानांवरून गेले असेल. तिथल्या बाजारात कॉफीचे दाणे वजनावर मिळतात, त्यातला हा एक प्रकार. कहव्यासाठी तो आवडीने घेतात. हरर हे इथिओपियाच्या पूर्वेकडचे तटबंदीचे जुने मुस्लिम शहर. त्याच्या भोवतालच्या डोंगरांत लहान लहान शेतकरी हा दाणा पिकवतात. (जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला बुंद म्हणत. अरबीतला ‘बुन’ तो हाच.)

ही कॉफी उन्हात वाळवलेली असते. पिकलेले लाल फळ तोडायचे आणि सालीगरासकट अंगणात, ताडपत्रीवर किंवा जाळीच्या मांडवावर पसरायचे. तासगावकडे बेदाण्याच्या शेड ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच कळेल. दोन ते चार आठवडे फळे रोज वरखाली करायची, दव पडण्याआधी झाकायची. थर जाड झाला की बुरशी धरलीच. नीट वाळले तर कॉफीला पिकल्या फळाचा गोड वास येतो. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो दाणा हाती लागतो.

दाणे धुऊन काढायचे तर यंत्र हवे, भरपूर पाणी हवे. ते नाही, म्हणून ही गरिबाची रीत, आणि बाजारानेही बरीच वर्षे तिला तसेच मोजले. गावोगावचा माल एकत्र झाला की जिने रोज उन्हात बसून फळे निवडली तिचा दाणा आणि निष्काळजी शेजाऱ्याचा दाणा एकाच पोत्यात, एकाच भावाने. 2008 साली अदिस अबाबात सुरू झालेल्या शेतमाल बाजारातही प्रदेश आणि प्रत पाहून माल मिसळला जाई. 2017 नंतरच्या सुधारणांनी दाण्याचा माग ठेवायची वाट मोकळी झाली.

2001 साली जगात कॉफीचा भाव पौंडाला अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला होता. 2025 च्या फेब्रुवारीत तोच 4 डॉलरांवर होता. असल्या भावावर घर चालवायचे कसे? हररच्या बाजूला कितीतरी जणांनी कॉफी काढून खात लावली. तिची पाने नशेसाठी चघळतात, वर्षातून अनेकदा खुडता येतात, पैसा लगेच मिळतो. त्या शेतकऱ्यांना नावे ठेवायला आमची जीभ वळत नाही.

मग आपल्याला परवडेल आणि त्यांचाही हक्क मारला जाणार नाही, अशी कॉफी कशी घ्यावी? शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचा माल मागावा. ओरोमिया प्रांतातला संघ 1999 पासून आहे. आपल्या दूध संघासारखाच, गावातल्या सोसायट्या मिळून झालेला. तो माल थेट परदेशी विकतो आणि नफ्यातला वाटा सोसायट्यांना परत देतो.

काटकसर आपल्या बाजूला करावी. सौदीहून कोणी आणणार असेल तर कच्चा दाणा सांगा. भाजलेल्यापेक्षा स्वस्त पडतो, टिकतोही जास्त. सुगी साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तेव्हा माल कोणत्या सालचा ते दुकानदाराला विचारायला लाजू नका. उतरत्या प्रतीत काळे, फुटके दाणे जास्त असतात; ते डाळीसारखे घरी निवडता येतात. भाजायला जाड बुडाची कढई पुरते, हात मात्र थांबवायचा नाही. उन्हात वाळवलेल्या दाण्याचा फोलपटा फार उडतो, म्हणून खिडकीजवळ बसा.