पोकळ अक्षरे

माणूस पोकळ असला तर आपण चालवून घेतो. पुढारी पोकळ असला तर त्याची आता सवयच झाली आहे. पण अक्षर पोकळ असावं, हे मात्र मला सोसत नाही.

मालवणच्या बाजारातून तारकर्लीच्या रस्त्याला लागलात की ही अक्षरं भेटू लागतात. केसाएवढ्या रेघेची नुसती कड, आत शुकशुकाट! आमच्या लहानपणी पेंटर आधी खडूने अशीच कड काढी, तोंडात विडी धरून दोन पावलं मागे सरून बघे आणि मग ब्रशने रंग भरी. हल्लीचे फलक पाहून वाटतं, कड काढून पेंटर चहाला गेला तो परत आलाच नाही.

माझ्या भाच्याने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. मोठ्या हौसेने मला दाखवायला घेऊन गेला.

"मामानु, बोर्ड कसो दिसता?"

"खंय आसा बोर्ड?"

"ह्यो काय समोर!"

समोर निळ्याशार समुद्राचा फोटो होता. चष्मा पुसून चार पावलं पुढे गेलो, तेव्हा त्यावर पांढऱ्या रेघांचं नाव उमटलं. आतलं मांस खाऊन ताटाच्या कडेला ठेवलेल्या कुर्लीसारखं.

"फॅशन आसा, मामानु."

असेल. रोमन लिपीतली सुटी, ऐसपैस अक्षरं ती फॅशन सोसतात. आमच्या देवनागरीच्या डोक्यावर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा आणि वेलांट्या, पोटात जोडाक्षरं. एका रेघेच्या दोन झाल्या की लांबून नुसतं जाळं दिसतं आणि अनुस्वाराचं शून्य होतं. माझं या अक्षरांशी वैर नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, लग्नपत्रिकेवर, हातात धरून वाचायचं असेल तिथे खुशाल छापा. खालचं चित्र ती झाकत नाहीत, हा गुणही मान्य. पण रस्त्यावरचं अक्षर लांबून हाक मारण्यासाठी असतं. त्याने कुजबुजून कसं चालेल?

भाचा ऐकेल तर मालवणी कसला! किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सिंधुदुर्ग पण भितरसून पोकळच मां? नुसती कड!"

"होय. पण महाराजांनी 1664 सालात घालूक घेतलेली ती कड सुमारे 12 फूट जाड आसा. म्हणान अजून हयसून दिसता."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण पुढे वाळूत एक सूचनाफलक होता. 'समुद्रात उतरू' ही अक्षरं ठसठशीत लाल आणि शेवटचं 'नका' उठून दिसावं म्हणून पोकळ! मे महिन्याच्या टळटळीत उन्हात ते 'नका' विरघळून गेलं होतं. पर्यटकांचा एक घोळका आला. त्यातल्या एकाने लांबून मोठ्याने वाचलं, "समुद्रात उतरू!" बाकीचे "उतरू, उतरू!" करत लाटांकडे पळाले.

भाचा त्यांच्यामागे ओरडत धावला. कमरेएवढ्या पाण्यातून एका पोराला दंडाला धरून त्याने बाहेर काढलं. पावसाच्या तोंडावरचा समुद्र कुणाची चेष्टा सहन करत नाही, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी तो लाल रंगाचा डबा घेऊन गेला आणि कुणाला न विचारता 'नका'च्या पोटात रंग भरून आला.

त्याच्या स्वतःच्या बोर्डावर मात्र फॅशन अजून तशीच आहे. पाहुणे शेजारच्या घरी उतरतात.